दोन भोकांच्या मधली रेघ

१

मुंबईहून आलेल्या तज्ज्ञांनी भिंग खाली ठेवलं आणि सांगितलं की हे नाणं खोटं आहे. त्या वेळी प्राचार्यांच्या खोलीत पाच माणसं होती आणि त्यातल्या चौघांनी एकदम संध्याकडे पाहिलं. पाचवी संध्या स्वतःच होती.

हे तिनेच मला सांगितलं, त्याच दुपारी, अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या घरी. पाणी दिलं तर ते हातातच धरून बसली होती. ती माझी जुनी विद्यार्थिनी. मी कॉलेजात बावीस वर्षं इतिहास शिकवला आणि नाण्यांचं कपाट सांभाळलं. मी निवृत्त झाल्यावर ते कपाट तिच्याकडे गेलं. मला सगळे बेबीताई म्हणतात. सदुसष्टाव्या वर्षी हे नाव शोभत नाही, हे मलाही कळतं, पण आता कोण बदलणार.

गोष्ट सुरू झाली ती एका फोटोवरून. दर्यापूरजवळच्या एका गावातले मनोज गावंडे यांनी जानेवारीत संध्याला मोबाइलवर फोटो पाठवला. त्यांच्या आईच्या गळ्यात लाल रेशमी दोऱ्यात ओवलेलं सोन्याचं नाणं होतं. पणजोबांना विहीर खणताना सापडलेलं. हे काय आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. संध्याने रात्रभर पुस्तकं चाळली आणि सकाळी मला फोन केला. नाणं रोमन होतं. अँटोनायनस पायस नावाच्या सम्राटाने आपली बायको फाउस्टिना वारल्यावर तिच्या नावाने पाडलेलं, अठराशे वर्षांहून जुनं. मीही फोटो पाहिला होता. सरळ नाक, डोक्यावर गुंडाळून बांधलेल्या वेण्या, वेणीचा पेड न् पेड वेगळा दिसत होता, आणि कडेने अक्षरं. डोक्याच्या वर दोन बारीक भोकं. आपल्याकडे सापडलेल्या रोमन नाण्यांना अशी भोकं पुष्कळदा असतात, कारण आपल्या लोकांना नाणं बघण्यापेक्षा घालणं जास्त आवडतं.

वर्तमानपत्रात बातमी आली. कॉलेजने जुन्या नाण्यांचं प्रदर्शन ठरवलं. मनोजच्या वडिलांनी, किसनरावांनी, गावासमोर शब्द दिला की नाणं प्रदर्शनाला देऊ. मनोजने ते रुमालात बांधून आणून दिलं. संध्याने व्यास, जाडी, वजन मोजून पावती केली आणि नाणं कपाटात ठेवलं. दहा दिवसांनी तज्ज्ञ आले, आणि हे झालं.

"पुढच्या सोमवारपर्यंत खरं नाणं आलं नाही तर पोलिसात तक्रार जाईल," संध्या म्हणाली. "मंगळवारी माझी मुलाखत आहे, मॅडम. कायम होण्याची. सात वर्षं तासांवर शिकवते आहे मी."

मग तिने सगळ्यात वाईट गोष्ट सांगितली. पावतीवर वजन होतं सहा ग्रॅम चौऱ्याऐंशी. कपाटातल्या खोट्या नाण्याचं वजनही सहा ग्रॅम चौऱ्याऐंशी भरलं. प्राचार्य म्हणाले होते की इतकं तंतोतंत वजन जुळवायला नोंदवही हाताशी हवी. आणि नोंदवही संध्याच्या हाताशी होती.

"मी केलं नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, मला ठाऊक आहे. खरं तर मला काहीच ठाऊक नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन ते खोटं नाणं पाहिलं. प्राचार्यांनी मला आडकाठी केली नाही, फक्त मी पाहत असताना एक शिपाई समोर उभा केला. बावीस वर्षं त्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि आज माझ्यावर पहारा. मला राग आला आणि मी तो गिळला.

खोटेपणा भिंगाखाली लगेच दिसला. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं धारदार असतात. ही वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी बुळबुळीत होती. गालावर बारीक खड्डे होते, वितळलेलं सोनं साच्यात ओतताना हवेचे बुडबुडे राहतात तसे. तज्ज्ञांनी सराफाच्या मशीनवर सोनंही तपासून घेतलं होतं. ते बावीस कॅरेटच्या आसपास होतं, आणि त्या काळचं रोमन नाणं जवळजवळ शुद्ध सोन्याचं असतं. म्हणजे खऱ्या नाण्याचा मातीत ठसा घेऊन, त्यात दागिन्याचं सोनं ओतून हे केलेलं.

मला समजली नाही ती एकच गोष्ट. नाण्याच्या मागच्या बाजूला, दोन भोकांच्या मधे, एक रेघ होती. कानशीने घासून बरीचशी उडवलेली, पण बोट फिरवलं की लागायची. तज्ज्ञांनी तिची नोंद ‘ओरखडा’ अशी केली होती. पण ओरखडा आत जातो. ही रेघ वर आलेली होती, आणि तिच्यावर बारीक तिरपे पीळ होते. कोणी सोनार नाण्याच्या पाठीवर अशी नक्षी कशाला करेल? मी अर्धा तास पाहिलं आणि आणखी गोंधळले.

कपाटाची दुसरी किल्ली अनुप म्हणून हेडक्लार्क आहेत त्यांच्याकडे असते. पन्नाशीचा माणूस, चोवीस वर्षांची नोकरी. किल्ली कुठे ठेवता असं विचारल्यावर त्यांनी शिक्क्यांचा ड्रॉवर उघडून दाखवला. त्याला कुलूप नव्हतं. हजेरीवर तज्ज्ञ यायच्या आधीच्या शनिवारी त्यांची रजा दिसत होती. कुठे होता असं विचारलं, तर म्हणाले की अंगात कणकण होती, घरीच पडून होतो.

बाहेर आल्यावर मी हे संध्याला सांगितलं. तिचा चेहराच बदलला. त्या शनिवारी संध्याकाळी तिने अनुपना अकोल्याच्या एसटीतून उतरताना पाहिलं होतं, आणि त्यांच्या काखेत सराफाची लाल पिशवी होती.

३

अनुपना मी उपाहारगृहात गाठलं. लाल पिशवीचं नाव काढताच त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. शेवटी निघालं ते एवढंच, की मुलीच्या साक्षगंधाची अंगठी आणायला अकोल्याला गेले होते आणि रजा मात्र तापाची टाकली होती. पिशवी, अंगठी, सराफाचं बिल, सगळं त्यांनी घरून आणून दाखवलं. बिलावर अंगठीशिवाय दुसरं काही नव्हतं. माझा पहिला संशयित असा हातचा गेला.

मग मी मनोजच्या गावी गेले. अमरावतीहून दर्यापूरपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी बकरी होती, ते सोडा.

गावंड्यांचं घर खाऊनपिऊन सुखी. शेतात हरभरा, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग. किसनराव सत्तरीचे, आवाज मोठा. मनोज चाळिशीच्या आतला, शिकलेला, आणि संध्यावर भयंकर चिडलेला. तिच्या विरुद्ध तो जे बोलला त्यातलं सगळं इथे लिहीत नाही. "तिले काय त्याचं," असं तो दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा मी त्याला थांबवलं.

किसनरावांनी मात्र एक गोष्ट सांगितली जी पावतीवर नव्हती. संध्याने पावतीत ‘लॉकेट’ लिहिलं होतं. ते लॉकेट नव्हतं.

"सवत हाय ते," किसनराव म्हणाले. "मनोजची माय, कौशल्या, हा पाच वर्सांचा होता तवा वारली. हे नानं तिच्याच गयातलं. मंग म्या ही मानिक दुसरी केली, तं टाक घडवाले कोठी जाता? नान्यावर आयतंच बाईचं तोंड होतं. हेच हिच्या गयात घातलं."

मला ते ऐकताक्षणी समजलं. दुसरेपणावर दिलेली बाई आमच्याकडे गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक, मुखवटा उठवलेला छोटा पत्रा, घालते. तिलाच सवत म्हणतात. सणाला नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, गोडाचा घास आधी तिला. आणि ती सवत जिवंतपणी गळ्यातून काढायची नसते. संध्याच्या घरी तीन पिढ्यांपासून देव नाहीत की टाक नाहीत, तिला हे कुठून ठाऊक असणार? मुंबईच्या तज्ज्ञांना तर त्याहून नाही.

मी विचारलं, मग माणिकबाईंनी काढून कशी दिली?

"म्या शब्द देल्ला होता," किसनराव म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

माणिकबाई चहा घेऊन आल्या. पन्नाशीपुढची, वाळकी, शांत बाई. पदर गळ्याशी घट्ट ओढलेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी सहज म्हणावं तसं विचारलं की तुमचे कान मोकळे कसे, कारण कानाच्या वरच्या कडेला भोकं होती आणि त्यात काही नव्हतं. बुगड्या दुरुस्तीला टाकल्या आहेत असं त्या म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या. माझा चहा अजून संपला नव्हता.

परतीच्या जीपमध्ये मी वजनाचा विचार करत होते. प्राचार्यांना वाटत होतं की सारखं वजन हा संध्याविरुद्धचा पुरावा. आता मला ते पटेना. सोनाराला सांगा, या अंगठीसारखी दुसरी कर, आकार तोच हवा, जाडी तीच हवी, आणि वजनात कणाचाही फरक नको. तो आपल्याला हात जोडेल. त्यातून हलकं सोनं वापर म्हणावं तर गोष्टच संपली. हलक्या सोन्याचं नाणं त्याच आकाराचं केलं तर वजन कमी भरणार, आणि वजन जुळवायला गेलं तर ते जाड होणार. इथे तर व्यास, जाडी, वजन, तिन्ही पावतीशी जुळत होतं. दोन नाणी अशी असूच शकत नाहीत. म्हणजे नाणं एकच होतं. संध्याने पहिल्या दिवशी मोजलं तेच आज कपाटात होतं. कॉलेजात काही बदललंच नव्हतं.

तिला फोन केला आणि विचारलं की पहिल्या दिवशी तू भिंग लावलं होतंस का.

"बातमीवाले बाहेर उभे होते," ती म्हणाली. "मी अक्षरं जुळवली, मोजमाप घेतलं. मी नाणं पाहिलंच नाही, मॅडम. फोटोत पाहिलं होतं तेच डोळ्यांपुढे होतं."

मला तिला रागवायचं होतं. पण मीसुद्धा त्या दिवशी पेढे खायला गेले होते आणि भिंग माझ्याही पर्समध्ये होतं.

आता प्रश्न एवढाच उरला की खोटं नाणं रुमालात कोणी बांधलं. मनोजने? मग तो इतका चिडला कशाला असेल? की चिडल्याचं सोंग? आणि ती रेघ कसली? अमरावती येईपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं. हा तर्क प्राचार्यांना सांगितला असता तर ते म्हणाले असते की पावतीच मागाहून लिहिली. आणि मी संध्याला ओळखते, एवढ्याने त्यांचं समाधान झालं नसतं.

४

शुक्रवारी सकाळी मी कणीक मळत होते. शेजारच्या बाईने खिडकीतून काहीतरी विचारलं म्हणून वाकले, तेव्हा गळ्यातली पोत परातीत लोंबली आणि हाताखाली कणकेत दाबली गेली. मी पोत सोडवली आणि कणकेकडे पाहत राहिले. पदक उमटलं होतं, आणि पदकाच्या वर साखळीचे पीळ उमटले होते. बारीक आणि तिरपे.

हात तसेच पिठाचे ठेवून मी खुर्चीवर बसले.

ती रेघ म्हणजे नक्षी नव्हती, दोऱ्याचा ठसा होता. मातीत ठसा घेतला तेव्हा खरं नाणं दोऱ्यात ओवलेलंच होतं. एका भोकातून मागे जाऊन दुसऱ्या भोकातून पुढे येणारा दोरा दोन भोकांच्या मधे पाठीला टेकतो, तो मातीत उमटला, आणि ओतलेल्या सोन्यात वर उठून आला. मागाहून कोणी तो कानशीने घासला, पण पुरता गेला नाही.

आता नाण्याची नक्कल करणारा चोर दोरा कशाला ठेवेल? तो आधी दोरा कापेल. मनोज असता तर त्याने कापला असता, किसनरावांनीही कापला असता. दोरा ठेवून ठसा घ्यायला लावेल असं माणूस एकच, ज्याला ते नाणं गळ्यातून काढताच येत नाही.

अकोल्याच्या सराफ्यात पुंजाराम नावाचे एक म्हातारे सोनार आहेत. हाताने टाक घडवणारे आता तेवढेच राहिलेत. मी पूर्वी विद्यार्थ्यांना त्यांचं काम दाखवायला नेत असे. दुपारच्या गाडीने मी अकोल्याला गेले. खोट्या नाण्याचा मोबाइलवरचा फोटो दाखवला, आणि त्यांनी तो ओळखला. त्यांच्या तोंडावर अपराध्याचं काही नव्हतं. दागिन्याचा जोड करून देणं हे सोनाराचं रोजचंच काम.

"नाव नाही सांगत मी," पुंजाराम म्हणाले. "पन असं काम मी आयुष्यात केलं नोहोतं, बेबीताई. बाई म्हने, दोरा कापाचा नाही अन् गयातून काढाचं नाही. मंग तिले पाटावर बसवली, मातीचा गोया तिच्या गयापाशी नेला अन् तसाच ठसा घेतला. सोनं तिनं आपल्या कानातलं काहाडून देल्लं."

त्यांनी वजनाचीही वही उघडली. बुगड्यांचं सोनं नि थोडी भर घालून तयार झालेल्या नाण्याचं वजन तिथे लिहिलेलं होतं, सहा ग्रॅम चौऱ्याऐंशी. तारीख संध्याच्या पावतीच्या तीन दिवस आधीची.

५

शनिवारी माणिकबाई शेतात भेटल्या, हरभरा उपटत होत्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोघीच होतो. मी विचारलं, सवत कुठे आहे? त्यांनी आधी गावाच्या दिशेला पाहिलं, मग पदर सैल केला. लाल दोरा, आणि पोलक्याच्या आतून काढलेलं नाणं. उन्हात फाउस्टिनाची एकेक वेणी दिसली. चाळीस वर्षं नाणी पाहूनही मी भिंग काढायचं विसरले.

त्यांनी सगळं सांगितलं. नाणं देऊ असं किसनरावांनी चावडीवर बोलून टाकलं, यांना कोणी विचारलं नाही. नवऱ्याचा शब्द मोडता येईना आणि सवत काढता येईना. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा दोरा तुटला होता. त्याच दिवशी मनोजला ताप भरला आणि नऊ दिवस उतरला नाही. सहा-सात वर्षांचं पोर. तेव्हापासून त्या दोरा दर सहा महिन्यांनी बदलत, पण जुना सोडायच्या आधी नवा ओवत. नाणं एक क्षणही गळ्याबाहेर जात नसे.

"माहं काय जाते," त्या म्हणाल्या. "पन पोरगं तिचं हाय. तिनं माह्यापाशी ठेवलं ते. मी कसं काढू?"

मी त्यांना संध्याचं सांगितलं. तिची सात वर्षं, मंगळवारची मुलाखत, सोमवारची तक्रार. मी रागाने बोलले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

"मले वाटलं लोक नान्याले खोटं म्हनतीन," माणिकबाई खाली बघत म्हणाल्या. "पोरीले म्हनतीन असं नाही वाटलं. मंग वाटलं तवा बोलाची हिंमत नाही झाली. बोलली असती तं ह्यायनं तवाच काहाडून घेतलं असतं."

मी त्यांना काही सुचवलं नाही. प्राचार्यांकडे जाऊन मीच सांगावं, की यांनी सांगेपर्यंत थांबावं, हे मला कळत नव्हतं. एकीला वाचवायचं तर दुसरीच्या गळ्यातलं जाणार. दोन दिवस मी हा घोळ मनात घोळवला आणि रविवारी रात्री ठरवलं की सकाळी मी बोलणार. मला तसं करावं लागलं नाही.

सोमवारी दहा वाजता माणिकबाई प्राचार्यांच्या खोलीत आल्या. मागे किसनराव आणि मनोज. दोघांना रस्त्यात सांगून झालं असावं, कारण किसनरावांचा चेहरा लाल होता आणि मनोज कोणाकडे बघत नव्हता. माणिकबाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं, बुगड्यांपासून. मी पुंजारामांच्या वहीचा फोटो टेबलावर ठेवला. प्राचार्यांनी तज्ज्ञांना फोन लावला, ती रेघ दोऱ्याचा ठसा असू शकते का असं विचारलं, पलीकडून होकार आला. मग त्यांनी तिथल्या तिथे पत्र लिहिलं की कॉलेजची संध्याविरुद्ध काहीही तक्रार नाही, आणि सही करून तिच्या हातात दिलं.

संध्याने पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

"आठ दिवस माझी आई कोणाच्या दारात गेली नाही," ती माणिकबाईंना म्हणाली. "लोक काय म्हणतील म्हणून. मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही."

"नोको म्हनू," माणिकबाई म्हणाल्या.

किसनराव म्हणाले की आता तरी ते काढ आणि टेबलावर ठेव, शब्द दिलेला आहे. मला वाटलं आता मीच उठावं. पण मनोज मधे आला. तो बापासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "राहू द्या, बाबा." तो एवढंच बोलला आणि परत भिंतीशी जाऊन उभा राहिला.

मग संध्याने खुर्ची ओढली, माणिकबाईंच्या समोर बसली आणि भिंग काढलं. नाणं हातात घ्यायला मागितलं नाही. गळ्यापाशी वाकून तिने ते पाहिलं, पुढून, मागून, कडेवरून. या वेळी तिने खूप वेळ घेतला. अक्षरांवरून बोट न टेकवता तिने माणिकबाईंना वाचून दाखवलं की हे त्या राणीचं नाव, आणि नावाआधीच्या शब्दाचा अर्थ, ती मेल्यावर देवी झाली. नवऱ्याने तिच्या नावाने वीस वर्षं नाणी पाडली.

"त्या राजानं दुसरी केली का?" माणिकबाईंनी विचारलं.

संध्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की लग्न नाही केलं. राणीच्याच पदरी असलेली एक बाई होती, तिला घरात आणून ठेवलं, एवढं लिहून ठेवलेलं आहे.

"तिच्या नावाचं नानं?"

नाही, मी म्हटलं. तिच्या नावाचं नाणं कोणी पाडलं नाही.

माणिकबाईंनी मान हलवली.

संध्याने नोंदवहीचं नवं पान काढलं. नाव, काळ, दोन्ही बाजूंचं वर्णन, भोकं दोन, दोरा लाल. वजनाच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘घेतले नाही’. प्राचार्यांनी भुवया उंचावल्या, तिने लक्ष दिलं नाही. मग पेन थांबवून विचारलं, मालक म्हणून कोणाचं नाव लिहू?

"माहं," किसनराव म्हणाले.

"ह्यायचं नोको," माणिकबाई म्हणाल्या. "अन् माहंबी नोको. कौशल्या लिहा."

संध्याने किसनरावांकडे पाहिलं नाही. तिने लिहिलं: कौशल्या किसनराव गावंडे. मग मनोजला विचारलं की तुमच्या आईचं माहेर कोणतं, मूळ गावाचा रकाना आहे. मनोजने तोंड उघडलं आणि त्याला आठवेना. एकतीस वर्षं त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"मोर्शी," माणिकबाई म्हणाल्या. "मोर्शीची व्हती ती."